बसा की!

मैत्रिणींनो, आपल्या परभणीकडे दारात आलेल्या पाहुणीला नुसतं 'बसा' म्हणत नाहीत. 'बसा की' म्हणतात. 'चहा घ्या की', 'जेवूनच जा की'. व्याकरणाच्या तासाला 'की' म्हणजे उभयान्वयी अव्यय, असं मीच मुलींना शिकवते. पण वाक्याच्या शेवटी आलं की ते दोन वाक्यं जोडत नाही, माणसं जोडतं. नुसत्या 'बसा'त हुकूम वाटतो, 'बसा की'त आग्रह.

तिकडे कॅनडात लोक बोलण्याच्या शेवटी असाच 'ए' लावतात. 'आज गारठा आहे, ए?' म्हणजे, तुम्हालाही वाटतं ना? शेजारचे अमेरिकन त्यावरून थट्टा करतात. कॅनडावाल्यांनी मात्र तो 'ए' टी-शर्टवर छापून मिरवला!

आमच्या गल्लीतल्या एका काकूंची लेक पुण्यात दिली. तिचं 'काय करायलीस?' ऐकून सासरी सगळे हसले. वाईट हेतू नव्हता म्हणा. पण पोरगी तेव्हापासून मोजूनमापून बोलते, अगदी आईशीसुद्धा. "फोनवर कुणी परकीच बोलतीय असं वाटतं बाई," काकू म्हणाल्या.

मला माझी लाल शाई आठवली. वहीतलं 'करायलीस' मी खोडतेच, खोडायलाच हवं. पण मधल्या सुट्टीत बोलणाऱ्या मुलींनाही टोकत होते. ते आता बंद केलंय.

काकूंना म्हटलं, तुम्ही आपलं नेहमीसारखंच बोला. परवा त्या सांगत आल्या. फोन ठेवता ठेवता लेक म्हणाली, "आई, तूच ये की गं इकडं!"