किळवेणमणीची आग

तंजावूर म्हटले की मराठी वाचकाच्या मनात व्यंकोजीराजांची गादी आणि सरफोजीराजांनी समृद्ध केलेले सरस्वती महाल ग्रंथालय उभे राहते. त्याच जुन्या तंजावूर जिल्ह्याच्या पूर्व भागात, कावेरीच्या मुखाकडील सुपीक भातखाचरांच्या प्रदेशात, किळवेणमणी नावाचे एक लहानसे खेडे आहे. आज ते नागपट्टिनम जिल्ह्यात मोडते. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, जगात नाताळचा सण साजरा होत असताना, या खेड्यातील ४४ माणसे एका झोपडीत जिवंत जाळण्यात आली. मृत सर्व भूमिहीन दलित शेतमजूर कुटुंबांतील होते. त्यांत बहुसंख्य स्त्रिया, मुले व वृद्ध होते. हल्ला होताच ज्यांना धावता आले ते रानोमाळ पळाले. ज्यांना पळणे शक्य नव्हते त्यांनी एका झोपडीचा आसरा घेतला आणि तीच त्यांची चिता झाली.

वाद मजुरीचा होता. भाताच्या रूपाने मिळणाऱ्या मजुरीत थोडी वाढ मिळावी, एवढीच मजुरांची मागणी होती. ती मागण्यासाठी ते लाल बावट्याखाली संघटित झाले होते. जमीनमालकांनीही आपला भात उत्पादक संघ उभा केला, मजुरांनी संघटना सोडावी असा लकडा लावला आणि कापणीसाठी बाहेरगावचे मजूर आणले. त्या सायंकाळी झालेल्या चकमकीत मालकांच्या बाजूचा एक माणूस मारला गेला. ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. त्या खुनाबद्दल मजुरांवर खटला झाला, शिक्षाही झाल्या. परंतु एका खुनाच्या संतापाने ४४ निरपराधांच्या होळीचा उलगडा होतो असे मानणे, म्हणजे मूळ प्रश्नाला बगल देणे होय.

तो मूळ प्रश्न हेतूचा आहे. वाढीव मजुरी परवडत नव्हती म्हणून हे घडले काय? तसे म्हणता येत नाही. शेती उत्पादनवाढीच्या सघन कार्यक्रमासाठी १९६० नंतर देशातील जे पहिले जिल्हे निवडले गेले, त्यांत तंजावूर होता. सुधारित बियाणे, खते व कर्ज यांचा ओघ तिकडे वळला होता. नव्या शेतीची फळे विषमतेने वाटली जात असून त्यातून ग्रामीण भागात असंतोष धुमसत आहे, असा इशारा केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अहवालाने १९६९ मध्ये दिला. तेव्हा मालकाला सलत होते ते मापभर भात देणे नव्हे. मजुराने ते हक्क म्हणून मागणे, हे सलत होते. पिढ्यान्‌पिढ्या जो ‘पण्णैयाळ’ म्हणून मालकाच्या दाराशी बांधलेला होता, तो आता ताठ मानेने बोलू लागला होता. दान करण्यास तयार असलेला हातही हक्काच्या नुसत्या उच्चाराने मुठीत वळतो. आमच्या मते किळवेणमणीच्या हत्याकांडाचे बीज तेथे आहे.

आग लावणारे हात कोणाचे, हे अखेर न्यायालयात शाबीत झाले नाही. नागपट्टिनमच्या सत्र न्यायालयाने १९७० मध्ये आठ जणांना दहा वर्षांची शिक्षा दिली. परंतु १९७३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. श्रीमंत, मोठ्या जमिनींचे धनी आणि त्यांतील एक तर मोटार बाळगणारा, असे गृहस्थ स्वतः पायी चालत जाऊन झोपड्यांना आग लावतील हे पटण्यासारखे नाही, अशा आशयाचे मत निकालपत्रात व्यक्त झाले. न्यायसंस्थेविषयी पूर्ण आदर राखून आम्हांला म्हणावेसे वाटते की, प्रतिष्ठा हाच निर्दोषत्वाचा पुरावा ठरू लागला, तर दरिद्री माणसाने न्याय मागण्यासाठी जावे कोठे? १९८० मध्ये प्रमुख आरोपीचाच खून झाला. तो न्याय नव्हता. न्यायाच्या अभावी फोफावलेला सूड होता.

आणि हे एकदाच घडून थांबले असेही नाही. बिहारमधील लक्ष्मणपूर बाथे येथे १९९७ मध्ये ५८ जणांची हत्या झाली. २०१० मध्ये २६ आरोपी दोषी ठरले आणि २०१३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयातून ते सारे सुटले.

तरीही किळवेणमणीची राख निष्फळ गेली नाही. तमिळनाडू सरकारने १९६९ मध्ये शेतमजुरांच्या रास्त मजुरीचा कायदा केला आणि १९७१ च्या कायद्याने राहत्या घराखालची जागा मजुरांच्या मालकीची करण्याची तरतूद झाली. घराखालची जमीन परक्याची असली म्हणजे माणसाचा आवाज किती दबतो, हे गोव्यातील मुंडकाराला सांगावयास नको. आपल्याकडेही १९७५ मध्ये मुंडकार कायदा त्यासाठीच करावा लागला. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास भोगलेले सर्वोदयी कार्यकर्ते एस. जगन्नाथन आणि त्यांच्या पत्नी कृष्णम्माळ यांनी या हत्याकांडानंतर तोच मुलूख आपली कर्मभूमी केली. १९८१ मध्ये त्यांनी ‘लाफ्टी’ ही संस्था स्थापली आणि जमीनमालकांशी वाटाघाटी करून, जमिनी विकत घेऊन, त्या भूमिहीन स्त्रियांच्या नावे करून दिल्या. बंदूक न उचलता हक्क मिळविता येतो, हे या दांपत्याने दाखवून दिले.

हत्याकांड झाले की आपण मारेकऱ्याच्या मनाचा शोध घेऊ लागतो. माथेफिरू, पिसाट अशी विशेषणे वापरून मोकळे होतो. किळवेणमणीत कोणाचे माथे फिरलेले नव्हते. माणसाने आपली पायरी ओळखून राहावे, ही शहाण्यासुरत्यांत मान्य असलेली समजूतच तेथे हाती पलिते घेऊन निघाली होती. तीच समजूत मजुरीच्या तंट्यात तहसीलदाराला उशिरा जागे करते आणि पोलिसाचा पाय जड करते. तंटा कोर्टाच्या पायरीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच, मजुराची मागणी पहिल्यांदा उच्चारली जाते त्या दिवशी, शासनाने त्याच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. आग लागल्यावर धाडलेल्या चौकशी समितीला राखेपलीकडे काही सापडत नसते.