गंमत नव्हे, गुन्हाच

सप्टेंबर २०१०. न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठाच्या वसतिगृहात एका विद्यार्थ्याने वेबकॅम लावून समलिंगी रूममेटचे खासगी क्षण चोरून पाहिले आणि पुढच्या वेळी ट्विटरवरून इतरांनाही बघायला बोलावले. त्यानंतर काही दिवसांतच १८ वर्षांच्या त्या रूममेटने आत्महत्या केली. मृत्यूचा ठपका आरोपपत्रात नव्हता, ते योग्यच. २०१२ मध्ये ज्युरीने वेबकॅम लावणाऱ्याला दोषी ठरवल्यावर शिक्षा झाली ३० दिवसांच्या तुरुंगवासाची. पुढे २०१६ मध्ये तो निकालही अपिलात रद्द झाला. वीस वर्षांच्या आतबाहेरच्या पोराला दहा वर्षे डांबावे, असे आम्हीही म्हणणार नाही. पण दुसऱ्याच्या अब्रूचा तमाशा मांडून ‘मस्करी केली’ म्हणणाऱ्याला नुसती समज देऊन सोडणे, हा पीडितावर दुसरा अन्याय आहे. मुदत थोडी असो, खटला उभा राहिलाच पाहिजे.