धावपट्टीइतकाच रेडिओ महत्त्वाचा

पाटणहून कराडकडे येताना विजयनगर-वारुंजीच्या बाजूला लागणारी धावपट्टी कोयना प्रकल्पाच्या काळातली, म्हणजे १९५० च्या दशकातली. तिचा विषय निघाला की बोलणे विस्तारीकरणावर येते. लांबी किती वाढवायची, जमीन कोणाची जाणार, मोबदला काय मिळणार? शेतकऱ्यांचा विरोध जुना आहे आणि त्यांची बाजू ऐकलीच पाहिजे. मात्र अशा धावपट्टीवर शिकाऊ विमाने उडवायची म्हटल्यावर आणखी एक प्रश्न उभा राहतो आणि त्याला गुंठाभरही जमीन लागत नाही. रेडिओवर एकाने सांगितलेले दुसऱ्याला तसेच कळते का, हा तो प्रश्न.

विमानाच्या रेडिओवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. दोघांनी एकदम बटण दाबले तर बाकीच्यांना नुसती शिट्टी किंवा खरखर ऐकू येते आणि बोलणाऱ्या दोघांना त्याचा पत्ताही नसतो. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या धुक्यात नेमके हेच घडले. ‘थांबा’ सांगणारा टॉवर आणि ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ सांगणारे दुसरे विमान एकाच क्षणी बोलले. दोन जंबो विमानांच्या त्या धडकेत ५८३ माणसे गेली.

शब्द स्पष्ट ऐकू येऊनही घोटाळा होतो, आणि तो अधिक धोक्याचा. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरजवळ एका मालवाहू विमानाला २,४०० फुटांपर्यंत उतरायला सांगितले गेले. ‘टू फोर झिरो झिरो’ यातला ‘टू’ वैमानिकांनी ‘पर्यंत’ (इंग्रजी ‘to’) या अर्थाने घेतला आणि ते ४०० फुटांकडे निघाले. विमान डोंगरावर आदळून चौघे दगावले. वैमानिकाने सूचना परत म्हणून दाखवायची आणि नियंत्रकाने ती कान देऊन तपासायची, हा नियम अशाच चुका पकडण्यासाठी आहे. त्यातला पहिला भाग सहसा पाळला जातो. दुसऱ्या भागात कसर राहते, कारण कामाच्या गर्दीत आपण सांगितले तेच परत आले असे माणूस गृहीत धरतो.

आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीवर दोन विमानांच्या टकरीत ३४९ जणांचा बळी गेला. कझाक विमानाला १५,००० फुटांवर राहायचे होते, सौदी विमान १४,००० फुटांवर होते. समोरून विमान येते आहे, हेही कझाक विमानाला कळवले होते. तरीही ते खाली आले. त्या विमानात नियंत्रकाशी बोलणारा एक आणि विमान चालवणारे दुसरे, अशी रचना होती.

शिकाऊ विद्यार्थ्याची अडचण उलटी असते. एकट्याने उडताना त्याला सगळेच करायचे असते. आधी विमान सांभाळ, मग दिशा बघ, मग बोल, असा क्रम त्याला शिकवतात. म्हणजे ताण आला की पहिल्यांदा बोलणेच बाजूला पडते. रेडिओ परवान्याची ‘आरटीआर’ परीक्षा पूर्वी दूरसंचार खाते घेत असे. २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमाने ते काम नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे सोपवले. बदल योग्यच आहे. पण ठरावीक वाक्ये पाठ असणे वेगळे आणि वाऱ्याचे हेलकावे खात ‘पुन्हा सांगा’ म्हणण्याचे धैर्य असणे वेगळे. मोठ्यांपुढे ‘हो सर’ म्हणायची सवय घेऊन वाढलेल्या आपल्या मुलांना हे मुद्दाम शिकवावे लागते. ‘रॉजर’ म्हणजे फक्त ‘ऐकले’. कळले नसताना ते म्हणून टाकणे ही हवेतली सर्वांत स्वस्त पळवाट आहे.

टॉवर नसलेल्या धावपट्टीवर तर नियंत्रकच नसतो. प्रत्येक वैमानिक ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आपली जागा सांगतो आणि इतरांचे ऐकून अंतर राखतो. यात एकाची फ्रिक्वेन्सी चुकली तर त्याला कोणीच ऐकू येत नाही. मग आकाश मोकळे आहे असा त्याचा समज होतो. भर म्हणजे या रेडिओच्या लहरी सरळ रेषेत जातात. कोयना खोऱ्यात डोंगराच्या आड खाली उडणाऱ्या हेलिकॉप्टरचा दूरच्या केंद्राशी संपर्क तुटू शकतो. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या, तेव्हा तत्कालीन मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर खराब हवामानामुळे कोयनानगरला न उतरता परत फिरले. अशा दिवशी खाली काय दिसते हे नेमक्या शब्दांत सांगणारा प्रशिक्षित माणूस जमिनीवर असणे फार मोलाचे ठरते.

यासाठी मोठा टॉवर बांधायलाच हवा असे नाही. विमाने उडत असतील तितका वेळ प्रशिक्षित माणूस रेडिओवर असावा आणि वारा व दृश्यमानता मोजायला उपकरणे असावीत. सगळे संभाषण ध्वनिमुद्रित व्हावे आणि दर आठवड्याला प्रशिक्षकांनी विद्यार्थ्यांसोबत ते ऐकावे. शिक्षा करण्यासाठी नव्हे, नाहीतर मुले रेडिओवर बोलायचीच बंद होतील. विस्तारीकरणाच्या प्रस्तावात धावपट्टीच्या मीटरांचा हिशेब असतोच. त्याच कागदावर या खर्चाचे कलम कुठे आहे, हे कराड-पाटणच्या लोकप्रतिनिधींनी आताच विचारावे.