चंद्र उगवला, आता?

परवा वडूजला गेलो. सलूनवाल्या काकांनी मागे आरसा धरला. "चंद्र उगवलाय की वो! पुण्यात केस लावत्यात म्हणं?"

लावतात, काका! एफयूटीत डोक्यामागची कातडीची पट्टी काढून टाके घालतात. केस बारीक कापले की आडवा व्रण दिसतो. एफयूईत एकेक मूळ छोट्या पंचने काढतात. बारीक ठिपके उरतात, वेळ मात्र जास्त. मला बारीक कट आवडतो, म्हणजे एफयूई. पण मागचा साठा मर्यादितच! सत्ताविशीत उधळला आणि टक्कल पुढे सरकलं तर?

शिवाय हत्यार कोण धरणार? यूट्यूब पाहून शिकणं हे प्रशिक्षण नव्हे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये बजावलंय. तेव्हा दोस्तांनो, पॅकेजआधी डॉक्टरची पदवी विचारा. मी आधी त्वचारोगतज्ज्ञ गाठतोय. तोवर काका, मशीन मारा!