पोट लहान झाले, आग्रहाचे काय?

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात ७ डिसेंबर २०१८ रोजी व्यासपीठावरच केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना भोवळ आली. साखर कमी झाल्याचे त्यांनीच नंतर सांगितले. २०११ मध्ये त्यांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती. भोवळीचे कारण तीच, असे म्हणता येणार नाही. पण अशा शस्त्रक्रियेनंतर जेवण आयुष्यभर सांभाळावे लागते, हे खरे.

काय बदलते?

पोटात थोडेच घास मावतात. म्हणून आधी मटकी, अंडे, पनीर अशी प्रथिने, भाकरी नंतर. पाणी जेवताना नव्हे, अर्ध्या तासाने. गोड जास्त झाले तर घाम, धडधड. काहींची साखर तासा-दोन तासांनी एकदम उतरते. जीवनसत्त्वे, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या कायमच्या.

हे रुग्णाला पाठ असते, पाहुण्यांना नसते. ‘एक जिलेबी तरी घ्याच’ हा पंगतीतला आग्रह प्रेमाचा असला, तरी त्याला महागात पडतो. म्हणून आहाराचा कागद केवळ रुग्णाच्या हाती देऊन भागणार नाही. घरी सोडताना डॉक्टरांनी तो स्वयंपाक करणाऱ्यांनाही समजावून सांगावा. आणि वाढणाऱ्यांनी एकदा ‘नको’ म्हटले की थांबावे.