पहिलीचा प्रवेश आणि पाच वर्षांचा डोस



पहिलीच्या प्रवेशाला आपण जन्मदाखला बघतो, आधार बघतो. लसीकरणाचं कार्ड मात्र क्वचितच कुणी मागतं. माझ्या मते तेही बघायलाच हवं.

डांग्या खोकल्याची लस बाळाला ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटामधून मिळते. मग १६ ते २४ महिन्यांत त्रिगुणी लसीचा पहिला बूस्टर आणि ५ ते ६ वर्षांत दुसरा. हा शेवटचा डोसच राहून जातो. "लहानपणी सगळे डोस झालेत की!" असं पालक म्हणतात. पण या लसीचं संरक्षण काही वर्षांत कमी होत जातं. आजार होऊन गेला तरी ते कायमचं नसतं.

मोठ्या मुलाचा आजार कधी कधी साधा खोकलाच वाटतो. पण त्याच्यापासून घरातल्या तान्ह्या बाळाला लागण होऊ शकते. सहा आठवड्यांच्या आतल्या बाळाला तर एकही डोस मिळालेला नसतो, आणि एवढ्याशा जिवाचा श्वासही थांबू शकतो.

म्हणून शाळापूर्व तयारी मेळाव्यात कार्ड बघूया. डोस राहिला असेल तर प्रवेश अडवायचा नाही. सरकारी आरोग्य केंद्रात तो मोफत मिळतो, लवकर घेऊन या, एवढंच पालकांना सांगायचं.