स्वेच्छेची धाव

स्मरणिकेत संस्थेची वाटचाल, देणगीदारांचे आभार आणि गुणवंतांची नामावली यांना हक्काची जागा असते. शिक्षकांच्या देहप्रकृतीला ती सहसा मिळत नाही. तरीही हा विषय आम्ही जाणीवपूर्वक निवडला आहे. यंदा आम्ही पहिल्या अर्धमॅरेथॉनची, म्हणजे २१.०९७५ किलोमीटर धावण्याची, तयारी आरंभली आहे. पन्नाशी ओलांडल्यावर हा खटाटोप कशासाठी, असे अनेकांनी विचारले. वजन आणि रक्तातील साखर आटोक्यात राहावी, हे त्याचे सरळ उत्तर. परंतु आमच्या मते हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही. तो आपल्या इतिहासाचाही आहे.

आपले पूर्वज धावत नव्हते असे नाही. महार वतनाच्या चाकरीत निरोप व टपाल गावोगाव पोहोचविणे, सरकारी वसूल तालुक्याला नेणे, अंमलदाराच्या दिमतीला राबणे ही कामे नेमून दिलेली होती. रात्र असो वा पाऊस, बोलावणे आले की निघावे लागे. हुकूम दुसऱ्याचा, वेळ दुसऱ्याची, पाय मात्र आपले! या अमर्याद राबणुकीला आवर घालण्यासाठीच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. आमचे रोहिणखेड हे खानदेश आणि दख्खन यांना जोडणाऱ्या वाटेवरील गाव. १४३७ साली येथे बहमनी व फारुकी सैन्यांची लढाई झाली आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या गादीचा निकालही येथेच लागला. सेनापतींची नावे इतिहासाने जपली. त्यांची ओझी वाहणाऱ्यांची जपली नाहीत. म्हणूनच स्वतःच्या इच्छेने, स्वतः ठरविलेल्या वेळी, स्वतःच्या हितासाठी धावणे याला आम्ही स्वातंत्र्याचा एक उपभोग मानतो.

शिक्षणाने आपल्याला वेतन दिले, खुर्ची दिली. ही मिळकत लहान नाही. पण खुर्चीबरोबर तिचे आजारही आले. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की धोका वाढतो, असे वैद्यकशास्त्र सांगते. हे माप शिक्षकदालनात लावून पाहावे! चळवळीत प्रकृतीची हेळसांड हा त्यागाचाच भाग समजला जातो, हे आम्हांला मान्य नाही. बाबासाहेब मधुमेहाने आणि सांधेदुखीने जर्जर असतानाही लिहीत राहिले आणि धम्मदीक्षेनंतर दोन महिनेही पुरते उलटले नव्हते तोच, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, आपल्यातून गेले. त्यांचे रात्रीचे जागरण आपण भाषणांतून गौरवितो. त्यांच्या हयातीची आणखी दहा वर्षे आपल्याला मिळाली असती तर, हा विचार मात्र करीत नाही.

भगवान बुद्धांनी देहाकडे कधीच दुर्लक्ष केले नाही. संयुत्तनिकायात कोसलराजा पसेनदीची कथा आहे. द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत आलेल्या राजाला बुद्धांनी भोजनातील मात्रेचा उपदेश केला. राजाने तो सुदस्सन नावाच्या तरुणाकडून पाठ करविला, रोज जेवताना म्हणवून घेतला आणि हळूहळू आहार नाळीभर भातावर आणला. उपाशी राहा, असे बुद्धांनी सांगितले नाही; जेवताना जागे राहा, एवढेच सांगितले. दुसरी कथा सोण भिक्षूची. पायांतून रक्त येईपर्यंत चंक्रमण करूनही साध्य हाती न आल्याने तो निराश झाला, तेव्हा बुद्धांनी वीणेच्या तारांचा दाखला दिला: तार अति ताणलेली नको, अति सैलही नको. धावण्याच्या सरावाचे सारे शास्त्र या दोन कथांत सामावलेले आहे.

प्रत्यक्ष सराव साधा असतो. धम्मदीक्षेच्या दिवशी, १४ ऑक्टोबरला आरंभ केला, तर जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सुमारे चौदा आठवडे मिळतात. आधी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि हृदय तपासून घ्यावे. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी आणि रोज तळपाय पाहावेत. प्रथम चालणे, मग थोडे धावणे आणि थोडे चालणे. आठवड्यातून तीन-चार दिवस सराव, त्यांतील एकच दिवस लांब अंतराचा. आणि अंतराची वाढ आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास. नुसत्या धावण्याने वजन उतरते, हा भ्रम आहे. पंचाहत्तर किलोचा माणूस पाच किलोमीटर धावला, तर पावणेचारशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. दोन सामोसे आणि गोड चहा तेवढ्याची भरपाई करून टाकतात. ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी आणि मूठभर शेंगदाणे हे आपले अन्न उत्तमच आहे. प्रश्न मात्रेचा आहे.

विद्यार्थ्यांना आम्ही अविनाश साबळे यांचे उदाहरण देतो. बीड जिल्ह्यातील मांडवा गावच्या या शेतकरीपुत्राने सैन्यात महार रेजिमेंटमध्ये भरती झाल्यावर धावण्याचे रीतसर धडे घेतले. मध्यंतरी वाढलेले वजन त्यांनी कष्टाने उतरविले आणि २०२० साली दिल्लीची अर्धमॅरेथॉन एक तास तीस सेकंदांत पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला. आम्हांला त्या अंतराला तिप्पट वेळ लागला तरी चालेल. शिस्त मात्र तीच लागणार.

हा पोट भरलेल्यांचा छंद आहे, असा आक्षेप येईल. दिवसभर कापूस वेचणाऱ्या माउलीला धावण्याचा उपदेश करणे अन्यायाचे आहेच. हे सांगणे तिच्यासाठी नाही. तिच्या कष्टांवर शिकून खुर्चीवर बसलेल्या आपल्यासाठी आहे. त्यातही शिक्षक भगिनींची अडचण वेगळी. पहाटे स्वयंपाक त्यांच्या वाट्याला आणि अंधारातील रस्ता त्यांना असुरक्षित. तेव्हा शाळेचे मैदान पहाटे पाचपासून दिव्यांच्या उजेडात खुले असावे आणि घरच्या पुरुषांनी चुलीची पाळी वाटून घ्यावी. एवढे झाले नाही, तर ही धावही पुरुषांचीच मिरास ठरेल.

निवासी शाळेतील मूल चोवीस तास आपल्याला पाहत असते. पंचशीलातील सुरापानविरतीचा पाठ आपण त्याला देतो. स्वतःचा देह सांभाळणारा शिक्षकही त्याच्या दृष्टीस पडला पाहिजे. येत्या १४ ऑक्टोबरला वंदनेनंतर मैदानाची पहिली फेरी शिक्षकांनी चालत पूर्ण करावी, अशी आमची सहकाऱ्यांना विनंती आहे. धावणे त्यानंतर आपोआप येईल.